दोनशे पन्नासावं नाव

"बाई, आज नका लिहू. कावळा शिवलाय."

ओटीच्या खांबाआडून हौसा हे कुजबुजली तेव्हा कडेवरची मुक्ता इतकी रडत होती की मला ते जेमतेम ऐकू आलं. हौसाने पदर तोंडाशी धरला होता आणि ती उंबऱ्यापासून अंग चोरून उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले. शिकल्यासवरलेल्या बाईने अशा वेळी हसावं तसं, धीर देणारं.

"असू दे गं. मी नाही पाळत असलं काही. सही करायला काय होतंय?"

"तसं न्हवं बाई..."

"हौसे," ओटीवरून बाबू येडगे म्हणाला, "म्याडमना च्या टाक. आणि लेकराला वाटीभर दूध कोमट कर."

हौसा त्याची भावजय, भाऊ गेल्यावर त्याच घरात राहिलेली. ती आत गेली. मी गुडघ्यावर फाइल उघडली. पेन सापडेना, तेव्हा बाबूनेच खिशातलं काढून दिलं.

आत बाबूची बायको सगुणा जमिनीवर कपाळ आपटून रडत होती. तिची आई मेल्याचा सांगावा घेऊन धुळबा झोरे तासाभरापूर्वी सड्यावरून उतरला होता. सडा म्हणजे आमच्या नेरवंड्याच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. वर धनगरांची साठ-सत्तर घरं, म्हशी, आणि चार पोरांची एक शाळा. खालून वर जायला मला अडीच तास लागायचे, त्यांना दीड. धुळबा अंगणात घोंगडीवर बसला होता. मान खाली. पाणी दिलं तर घेतलं नव्हतं.

"कधी झालं हो?" मी त्याला विचारलं होतं.

त्याने आतल्या रडण्याकडे कान दिला आणि जमिनीकडे बघूनच म्हणाला, "सकाळी."

तेवढंच.

मी नेरवंड्याच्या शाळेत शिक्षणसेविका होते. नोकरी कायम व्हायला अकरा महिने उरलेले. मुक्ता दहा महिन्यांची, नवरा सोलापुरात कारखान्यावर, सासूबाई गुडघ्यांमुळे येऊ न शकणाऱ्या. त्यात मतदार यादीचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण मी नवी होते. दोन यादी भाग: खालचं गाव आणि सडा. सड्याचं मतदान सड्याच्याच शाळेत व्हायचं.

त्या वर्षी राज्याने कायदा बदलला होता. मतदान केंद्र किती मोठं असावं, किती लहान असावं, ते ठरवून टाकलं होतं. ज्या केंद्रावर अडीचशेहून कमी मतदार, ते बंद. त्यातली नावं जवळच्या गावात मिळवायची. तहसीलच्या बैठकीत कारकुनाने माझी यादी बोटाने खाली सरकवत नेली होती.

"मयत काढले, लग्न होऊन गेलेल्या काढल्या, मुंबईला गेलेले काढले. किती उरले?"

"दोनशे पन्नास."

"बरोब्बर?"

"बरोब्बर."

"मग वाचलं तुमचं केंद्र. एक जरी खाली आलं असतं तर गेलं होतं." तो हसला. "शेवटच्या तारखेपर्यंत कुणाला मरू देऊ नका, म्हणजे झालं."

ज्या दिवशी सगुणा रडत होती, ती शेवटची तारीख होती.

दोन आठवड्यांपूर्वी मी वर जाऊन आले होते. मुक्ताला शेजारच्या काकूंकडे ठेवून. सगुणाच्या आईचं, ठकूबाईंचं घर तिसरं, उंबराच्या झाडाला लागून. मी दारात उभी राहून हाक मारली. उत्तर नाही. आत माणूस वावरताना दिसत होतं, तरी नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्या काठी टेकत बाहेर आल्या.

"ऐकू येत नाही का आजी?"

"येतंय की. पयल्या हाकेला ओ द्यायची नसती. कोण बोलवतंय काय ठावं." मग मला न्याहाळून, "तू न्हेणारी दिसत न्हाईस. बस."

त्यांनी मला ताक दिलं. मी वर्षभर तशी चव घेतली नव्हती. त्यांच्या नावापुढे खूण करताना मी वाचून दाखवलं, "एकशे सत्तेचाळीस. ठकूबाई धाकलू झोरे. वय बाहत्तर."

"आमचं केंद्र ऱ्हाईल न्हवं?"

"राहील असं वाटतंय."

"ऱ्हाऊ दे बाई. पाच वर्सांत एक दिस सरकार पेट्या डोक्यावर घिऊन आमच्या दारात चढून येतंय. बाकी कवा येतंय? आणि खाली गेलो का मत टाकायच्या आधी कुणाकुणाच्या अंगणातनं जावं लागतंय. परत्येकजण इचारतो, कुठं निघाला? जणू त्येला ठावं न्हाई."

मी मान हलवली. मला ते समजत होतं. खालच्या गावातले पुढारी सड्याच्या मतांवर चिडून होते, कारण सडा एकगठ्ठा त्यांच्याविरुद्ध जायचा. आणि बाबू येडगे त्या पुढाऱ्यांचा माणूस होता. सड्याचाच जावई, पण त्यांचा माणूस. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

संध्याकाळी खाली आले तेव्हा मुक्ता तापाने फणफणली होती. काकूंनी तिला दिवसभर साखरेचं पाणी पाजलं होतं. तिचे सुकलेले ओठ बघून मी शप्पथ घेतली होती, पुन्हा तिला मागे ठेवून वर जायचं नाही.

म्हणूनच त्या शेवटच्या तारखेला मी मुक्ताला कडेवर घेऊन निघाले होते आणि चढणीच्या तोंडाशी, येडग्यांच्या घरापाशी थांबले होते. वर यादीतल्याच दोघांच्या वयाची शहानिशा बाकी होती. कुणी सोबत मिळतंय का बघत होते. तर आतून ते रडणं.

"परवापरवा तर धडधाकट होत्या," मी बाबूला म्हटलं.

"माणसाचं काय हाय म्याडम," तो म्हणाला. मग माझ्या फाइलीकडे बघून, "आज शेवटची तारीख न्हवं तुमची?"

"हो."

"मग आलाच हाय तर उरकून टाका. परत लेकराला घिऊन हेलपाटा कशाला? बघा, ऊन लागलंय तिला. सात नंबरचा अर्ज असतो न्हवं, नाव कमी करायचा? सगुणी सही करंल. साक्षीला मी हाय."

"दाखला लागतो."

"ग्रामसेवकाकडनं मी आणून देतो. चार दिसांत."

तेव्हा खांबाआडून हौसा बोलली. आणि मी हसले.

सगुणाला धरून उठवावं लागलं. मी तिच्या मनगटाला आधार दिला. "कशावर हाय सही?" तिने विचारलं. बाबू म्हणाला, "सरकारी हाय. आईच्या नावाचं." तिने सही केली. हौसा दुधाची वाटी घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली, अर्जाकडे बघितलं आणि आत गेली.

अंगणात धुळबा अजून मान खाली घालून बसला होता. बाबू उंबऱ्यात अशा जागी उभा राहिला की धुळब्याला आतलं काही दिसू नये. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी मुक्ताला दूध पाजत होते.

दोनशे एकोणपन्नास. शाळेकडे परत येताना मी हा आकडा मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला वाईट वाटत होतं, खरंच. त्या ताकाची चव आठवत होती. पण त्याखाली दुसरं काहीतरी होतं. मुक्ता खांद्यावर झोपली होती, रस्ता उताराचा होता आणि मला हलकं वाटत होतं. आता मला ती चढण पुन्हा कधीच चढावी लागणार नव्हती.

हरकतींसाठी आठ दिवसांची नोटीस लागली. लागली खालच्या चावडीवर. सड्यावरून चावडीवरचे कागद वाचायला कोण येतं?

आठव्या दिवशी मधल्या सुट्टीत हौसा शाळेच्या कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. आत येईना. हाताने खुणावत होती. मुक्ताला त्या दिवशी जुलाब लागले होते. मी एका हाताने तिला धुवत होते, दुसऱ्या हाताने पोरांना गप्प करत होते.

"उद्या ये गं!" मी ओरडले.

"आजच बोलायचं हुतं बाई..."

"उद्या!"

ती थोडा वेळ उभी राहिली. मग रस्त्यावरून बाबूची मोटारसायकल गेली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. मीही विचारायला गेले नाही. दाखलाही कुणी आणून दिला नाही, आणि मी मागितला नाही.

सड्याचं केंद्र बंद झालं.

मतदान एप्रिलच्या अखेरीस आलं. नेरवंड्याच्या शाळेबाहेर मांडवात माझं टेबल, टेबलावर याद्या, टेबलाखाली चादरीवर मुक्ता. खालच्या गावची रांग सकाळपासून होती. सड्याची माणसं नऊनंतर दिसायला लागली. दोन-दोन, तीन-तीन. घामेजलेली, पायांना माती. म्हातारे जवळजवळ नव्हतेच. एक बाळंतीण आली होती, बाराव्या दिवसाची. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने पाणी मागितलं. दुपारपर्यंत दोनशे एकोणपन्नासांपैकी साठही आले नव्हते. बाबू रस्त्यापलीकडे वडाखाली खुर्ची टाकून बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "काय पाव्हणं, दमला काय? सरबत घ्या की!"

अकराच्या सुमाराला टेबलावर काठी वाजली.

"माझं नाव बघ बाई. एकशे सत्तेचाळीस."

मी वर बघितलं.

काय वाटलं ते मला आजही सांगता येत नाही. पहिली गोष्ट मी केली ती ही, की वाकून मुक्ताला उचलून घेतलं.

"बघतीस न्हवं?" ठकूबाई म्हणाल्या. "तीन तास लागलं उतराया. धुळबानं धरून आणलं. नंबर मला पाठ हाय, चिठ्ठी तेवढी आली न्हाई."

माझं बोट यादीवर गेलं आणि तिथेच थांबलं. शेजारी बसलेल्या एका उमेदवाराच्या पोलिंग एजंटाने मान वाकडी करून वाचलं.

"आजी, तुमच्या नावावर काट मारलीया. मयत! तुम्ही मेलाय!"

रांगेतले हसले. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी भूत होऊन मत टाकाया आली रं!"

ठकूबाई स्वतःसुद्धा हसल्या. बोळकं तोंड उघडून, अगदी मोकळं.

"व्हय व्हय, मेले हुते की! कावळा शिवला हुता. उंबराखाली बसले हुते, तर डोक्यावर पाय दिऊन गेला मेला. मग धुळबाला म्हटलं, जा खाली, सगुणीला सांग म्हातारी मेली म्हून. ती रडली का दोष गेला. आपल्यात तसंच असतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण त्याच सांजंला दुसरा सांगावा धाडला हुता, खोटं हुतं म्हून. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

कावळा शिवलाय.

मला हौसाचा तो तोंडाशी धरलेला पदर दिसला. ती कुजबुजत होती कारण सगुणाला ऐकू जाऊ द्यायचं नव्हतं. रडणारीला खरं कळलं असतं तर रडणं खोटं झालं असतं. आणि मला वाटलं होतं की घरातली कुणीतरी बाई बाजूला बसली आहे. सोलापुरात आमच्याकडे कावळा शिवला म्हणजे तेवढंच.

रांगेत धुळबा होता. तो पुढे आला. आधी यादीकडे, मग ठकूबाईंकडे बघत राहिला.

"म्हंजे ते दोनशे एकोणपन्नास... मी चावडीत इचारलं हुतं. अडीचशे हुती की, म्हटलं. एक कोण कमी झालं, म्हटलं. कुणी सांगंना." त्याचा आवाज चढला. "मावशे, तू हायस ती!"

"मी काय केलं रं?"

"मी तवाच म्हटलं हुतं, नको असला सांगावा! आता कोण करतंय ह्ये? तुझ्या एका कावळ्यापायी केंद्र गेलं आमचं!"

सड्याची पाच-सहा माणसं गोळा झाली. एक तरणा पोरगा म्हणाला, "आमचा आज्जा वर रडत बसलाय घरात, चालवत न्हाई म्हून. आणि ही म्हातारी हितं दात काढतीया." ती बाळंतीण भिंतीपाशी बसून नुसती बघत होती. ठकूबाईंचं हसू कुठेतरी अडकलं, पण चेहऱ्यावरून लगेच गेलं नाही. तसंच राहिलं, विसरल्यासारखं.

त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तू तर मला बघितलं हुतंस. माझ्या घरात ताक प्यालीस."

आता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं, की यात आजींची चूक नाही, मी वर चढून गेले नाही, दार वाजवलं नाही, दाखला मागितला नाही, मी लिहिलं. अकरा महिन्यांतले सात उरले होते. मुक्ताने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं. मी ते तिच्या तोंडातून काढत राहिले.

बाबू कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.

"म्याडमचा काय दोष?" तो म्हणाला. "त्यांच्यापुढं अर्ज आला, त्यांनी घेतला. सही सासूबाईंच्या लेकीची हाय."

"आणि तू?" ठकूबाईंनी विचारलं.

"मी कुठं म्हटलं तुम्ही मेला म्हून? धुळबा म्हटला. मी फकस्त पेन दिलं."

बायकांच्या रांगेत सगुणा होती. तिच्या शेजारी हौसा, जमिनीकडे बघणारी. सगुणा पुढे आली तीच रडत. "मला ठावं न्हवतं आई. मी रडत हुते. काय लिवलंय मला दिसत न्हवतं."

"रडलीस तेच पायजे हुतं," ठकूबाई म्हणाल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग टेबलाच्या कडेला धरून माझ्याजवळ वाकल्या. त्यांच्या अंगाला धुराचा आणि म्हशींचा वास होता.

"खोड ते."

"आज नाही खोडता येत आजी."

"दिस मावळायच्या आत खोडायचं असतंय. ज्येला ज्येला सांगितलं त्येला त्येला परत सांगायचं. एकजण जरी ऱ्हायलं, तर ते धरून बसतंय. मी सगळ्यांस्नी सांगितलं." बोट माझ्याकडे आलं. "तू ऱ्हायलीस. तू रडली न्हाईस, पण लिवलंस."

"नवा अर्ज करावा लागतो. सहा नंबरचा. फोटो, पुरावा..."

"कर की मग."

मी अर्ज काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं, त्यांचा अंगठा उठवून घेतला. शाईने भरलेलं बोट त्यांनी पदराला पुसलं आणि विचारलं, "झाले जित्ती?"

"मी तहसीलला देते," मी म्हटलं.

"नक्की देतीस न्हवं?"

"देते."

त्या परत निघाल्या. येताना धुळब्याने धरून आणलं होतं. जाताना तो चार पावलं पुढे चालत होता आणि मागे बघत नव्हता. इतर माणसंही त्यांना ओलांडून गेली. चढणीच्या तोंडाशी त्या थांबल्या, काठीवर दोन्ही हात ठेवून. सगुणा धावत निघाली, तर बाबू म्हणाला, "रांग सोडू नको. आधी मत." ती रांगेत परत उभी राहिली. पाठीमागून एका पोराने आवाज दिला, "ए मयतबाई, सांभाळून जा!" यावेळी सड्याचेही हसले.

निकालात खालच्या गावचं पॅनेल आलं. बाबूने शाळेत पेढे पाठवले. मी ते पोरांना वाटले.

अर्ज मी दिला नाही.

देताना विचारलं असतं, जिवंत बाईचं नाव वगळलं कुणी? दाखला कुठाय? दार वाजवलं होतं का? आज देते, उद्या देते म्हणत मी तो फाइलीत ठेवला. मग नोकरी कायम झाली. मग मी बदली मागितली, लहान मुलीचं कारण दाखवून, आणि ती मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी हौसा दुकानात भेटली. मी विचारलं, "आजी कशा आहेत?" ती म्हणाली, "वरचं कोण खाली येत न्हाई आता. आमाला काय कळत न्हाई." पिशवी उचलून चालायला लागली, आणि मग वळून म्हणाली, "मी दोनदा सांगाया आले हुते बाई."

मुक्ता आता तिसरीत आहे. शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी रस्त्यावर जाऊन उभी राहते. अर्ज माझ्या कपाटात आहे, तिच्या जन्मदाखल्याच्या खाली. अंगठ्याची शाई अजून तशीच निळी आहे. नव्या याद्या आता मोबाइलवर दिसतात. मी नेरवंड्याची उघडते, सड्याच्या पानापर्यंत जाते आणि बंद करते.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर एवढं करा. चावडीत विचारू नका, आणि बाबू येडग्याच्या घरी तर नकोच. पायवाटेने थेट वर जा. उंबराच्या झाडाला लागून तिसरं घर. दारात उभं राहून हाक मारा, ठकूबाई झोरे म्हणून. पहिल्या हाकेला त्या ओ देणार नाहीत. म्हणून लगेच माघारी फिरू नका. थोडं थांबा, आणि दुसरी हाक मारा.